माईंची नऊवारी, माझी अट

मेलेल्या बाईचे केस विंचरायला बसले की मला झोप येऊ लागते. लोकांना वाटतं, ही आतून घाबरत असेल, निदान अंगावर काटा तरी येत असेल. मला जांभई येते. खोलीतला पंखा बंद असतो, पुरुष बाहेर गेलेले असतात, बर्फाच्या लादीचं पाणी परातीत ठिबकत असतं आणि माझा हात कपाळापासून मागे, पुन्हा कपाळापासून मागे, असा आपोआप जात राहतो. जिवंत बाई मान हलवते, मोबाईल बघते, "आंटी, ज़रा जल्दी" म्हणते. ही काही म्हणत नाही. त्या अर्ध्या झोपेत मला कुठलं कुठलं दिसतं. नेमावरचा घाट आणि नर्मदेवर तरंगत जाणारे दिव्यांचे द्रोण. आईच्या मांडीवर डोकं ठेवल्यावर खालून दिसायची ती तिची हनुवटी. मग कंगवा एखाद्या गुंत्यात अडकतो आणि मी जागी होते.

देवासला पिठाच्या गिरणीवर माझं पार्लर आहे. गिरणी सुरू झाली की आरसे थरथरतात आणि बायकांना आपलं तोंड पाण्यात वाकून पाहिल्यासारखं दिसतं. हे पार्लर मला कोणी आंदण दिलेलं नाही. खुर्च्या मी इंदूरच्या एका भंगारवाल्याशी दुपारभर भांडून आणल्या. शेवटी तो हात जोडून म्हणाला, "ले जाओ बेन, बस अब बोलो मत." भाव करताना माझा आवाज चढतो, आणि एकदा चढला की लवकर उतरत नाही. घरमालक मला जिन्यात पाहिलं की काही विसरल्यासारखं करून परत वर जातो.

हे दुसरं काम मी शोधायला गेले नव्हते. दर महिन्याला भुवया करायला येणारी एक बाई अचानक गेली आणि तिच्या मुलीचा फोन आला. "आंटी, मम्मी ऐसी नहीं दिखती थीं. आप आ जाओ ना." मी गेले. कारखान्याच्या कॉलनीतलं घर. नोकरीसाठी महाराष्ट्रातून आलेली माणसं, सगळ्या आत्या-मावश्या सातारा-नगरकडे आणि त्या दिवशी फोनवर. कोणी म्हणत होतं हळद आधी, कोणी म्हणत होतं पाणी आधी, आणि बारावीतली ती पोर हातात पाण्याचा तांब्या घेऊन नुसती उभी. मी तांब्या तिच्या हातातून घेतला. त्यानंतर माझं नाव कॉलनीतून कॉलनीत गेलं.

गार कातड्यावर पावडर बसत नाही, खवले धरते. म्हणून मी मलम आधी तळहातावर चोळून ऊन करते आणि मगच लावते. गार कपाळावर कुंकू ठरत नाही. त्याला जुन्या बायका लावायच्या तसं आधी मेण लागतं. हनुवटीला बांधलेली पट्टी मी सोडत नाही, तिच्यावरून केस आणते. पण अर्धं काम मेलेल्या बाईचं असतं आणि अर्धं जिवंतांचं. आईला तयार केली की मी मुलींना बसवते. त्यांची तोंडं गार पाण्याने पुसते, सुजलेल्या डोळ्यांवर ओला कापूस ठेवते, वेण्या घालते, कारण थोड्या वेळाने सगळं गाव त्यांच्याकडे बघणार असतं. दिवस झाल्यावर डोक्याला तेल लावायला पुन्हा जाते. त्या वेळी बायका माझ्या हातांखाली डोळे मिटून काय काय बोलतात, ते मी कुठे सांगत नाही.

धारला माझा भाऊ असतो आणि वहिनीचं माहेरही त्याच गावात. भावाची मुलगी कॉलेजच्या वर्षांत देवासला माझ्याकडेच राहिली. तिचे केस माझ्या हातचे आहेत. लहानपणापासून तिचं एकच म्हणणं, "माझ्या लग्नात मला आत्याच नटवणार, और कोई नहीं." मला मुलगी नाही. माझ्याकडून कितीतरी नवऱ्या सजून गेल्या, पण मी वाट बघत होते ती या एकीची.

तिच्या साखरपुड्याला मी पहाटेच निघून धारला पोचले. ओटी भरायची वेळ आली. ताट समोर होतं, मी करंड्याकडे हात नेला आणि वहिनीने ताट स्वतःकडे ओढून घेतलं. फार नाही, वीतभर. मुलाकडच्या बायका बसलेल्या. वहिनी हसून म्हणाली, "वन्सं, तुम्ही राहू द्या. तुम्ही जेवायचं बघा." मग आत स्वयंपाकघरात, आवाज खाली आणून, "राग मानू नका. त्या हातांनी तुम्ही काय काय करता, सगळ्यांना माहीत आहे. पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे."

मी म्हटलं, "ह्याच हातांनी तिच्या डोक्यातल्या उवा काढल्या, तेव्हा चाललं?"

"तेव्हा तुम्ही हे करत नव्हतात."

"म्हणजे लग्नात?"

"इंदूरहून पार्लरवाली ठरवली आहे," ती म्हणाली आणि पुऱ्या तळायला वळली.

मी न जेवता निघाले. भाऊ फाटकापर्यंत आला, "अगं ऐक तरी" म्हणाला, आणि मी त्याला असं काही बोलले की शेजारचा दूधवाला भिया सायकल थांबवून ऐकत राहिला. त्या वीतभर सरकलेल्या ताटाचा मला आजही राग येतो. राग म्हणजे पोटात ठेवलेला निखारा, मी त्यावर राख जमू देत नाही.

लग्नाची तारीख जवळ येत होती आणि अचानक एका सकाळी वहिनीचा फोन आला. तिची आई गेली होती. आम्ही सगळे त्यांना माईच म्हणायचो. जुन्या सरदारी घरातली बाई, पण माझ्याशी कधी वरून बोलली नाही. मी पार्लर काढलं तेव्हा घरातले सगळे हसले आणि ह्या एकट्या म्हणाल्या, "मला केसांना काळं लावून देशील का गं? ह्यांना सांगू नकोस." आबा, म्हणजे त्यांचे यजमान, हयात होते, अजून आहेत. माई सवाष्ण गेल्या.

फोनवर वहिनी एवढंच म्हणाली, "वन्सं, माई..." मी पेटी उचलली.

देवास ते धार हा रस्ता मला त्या दिवशी नीट आठवत नाही. इंदूर कधी गेलं कळलं नाही. गव्हाच्या शेतांवर धुकं होतं आणि गाडी त्याच्यावरून चालल्यासारखी वाटत होती, खाली रस्ता नाहीच. घाटाबिल्लोदच्या पुढे कुठेतरी मला वाटलं, माई मागच्या सीटवर बसल्या आहेत आणि म्हणताहेत, काचा खाली कर, गुदमरतंय. मी काच खाली केली. हवा गार होती आणि तिला ओल्या मातीचा वास होता.

वहिनी माईंच्या दारातच उभी होती. डोळे सुजलेले, केस सुटलेले. "वन्सं, तुम्हीच करा. दुसऱ्या कोणाला हात लावू देववत नाही."

मी चप्पल काढली नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हटलं, "करीन. पण लग्नात पोरीला नऊवारी मी नेसवणार."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "आई आत निजवली आहे, वन्सं. आणि तुम्ही सौदा करताय?"

"ताट ओढून तुम्ही तो चारचौघांत केलात. मी निदान दारात करतेय."

"लाज नाही वाटत?"

"मला बोलायची ही एकच जागा ठेवलीत तुम्ही. हो की नाही सांगा."

आतून कोणीतरी रडत होतं. वहिनीने ओठ घट्ट मिटले, मग मान हलवली. "बरं. नेसवा." मी चप्पल काढली. लोकांना हे ऐकून वाईट वाटतं. मला नाही वाटत. नुसतं रडून मागितलं असतं, तर तिने मला रडू दिलं असतं आणि दिलं काहीच नसतं.

आत गेले तर वेगळाच घोळ. आबांनी सांगितलं होतं, हिला नऊवारीतच पाठवायची, काष्टा घालून. माई शेवटची काही वर्षं गाऊनवरच असायच्या. घरात नऊवारी शिल्लक नव्हती. म्हणून त्यांची सून, मूळची इंदूरची, सकाळीच कोणालातरी पिटाळून एक घेऊन आली होती. चकचकीत हिरवी, जरीची. मी घडी उलगडली आणि हसू दाबलं. शिवलेली होती. कमरेला इलास्टिक, काष्टा आधीच टाचलेला. हल्ली गणपतीच्या मिरवणुकीत पोरी घालतात तसली.

"ये रेडीमेड है, जल्दी हो जाएगा," सून बिचारी सांगत होती.

आबा दाराशी काठी टेकून उभे होते. त्यांनी ती साडी हातात घेतली, दोन पाय दिसल्यावर वर धरली. "हे काय? हिला पायजम्यात पाठवू?"

गुरुजींनी बाहेरून आवाज दिला, "शिवलेलं वस्त्र चालत नाही हो, आधीच सांगतो."

मी उसवून पाहिली. पण तसल्या साडीला आधी कापतात, मग शिवतात. उसवल्यावर हातात तुकडे आले. सून रडायला लागली, वहिनी तिच्यावर ओरडली, "एवढंही कळत नाही?" आणि ती हिंदीत म्हणाली, "दीदी, मैंने कभी देखा ही नहीं माई को उसमें. मुझे कैसे पता होगा?" खरंच होतं.

माईंच्या साड्यांचं काय झालं, असं मी विचारलं. माईंनीच फाडल्या होत्या. थंडीच्या दिवसांत गच्चीवर बसून एकेकीच्या गोधड्या शिवल्या आणि घराघरात वाटल्या. तेव्हा भाचीने कपाटातून एक गोधडी आणली. "ही माझी. आजीने सासरी न्यायला दिली आहे. हिच्या वरचं कापड अख्खं आहे, ती म्हणाली होती. ही महेश्वरी तिने फाडली नव्हती. नुसती दुमडून घातली आहे."

"ती तुझी आहे," वहिनी म्हणाली. "आशीर्वाद म्हणून दिली आहे. उसवतात का?"

"साडी आजीची आहे," भाची म्हणाली आणि गोधडी जमिनीवर पसरली.

त्यानंतरची दुपार मी अजून स्वप्नात बघते. कामासाठी गेलेला माईंचा मुलगा पुण्याहून यायचा होता, तोवर वेळ होता. आम्ही बायका गोधडीभोवती बसलो, मी, वहिनी, सून, भाची, शेजारची एक माळवी म्हातारी. मी पेटीतल्या बारीक कात्र्या वाटल्या. माईंचे टाके तांदळासारखे, ओळीने. एक कापायचा, दुसरा ओढायचा, दोरा सळसळत यायचा. खोलीत तेवढाच आवाज. बर्फाचं पाणी ठिबकायचं आणि दोरा सळसळायचा. माई बाजूलाच निजलेल्या, आणि आम्ही जणू त्यांनी सोपवलेलं कामच उरकत होतो. आपण उलटं चाललो आहोत असं मला वाटू लागलं. एकेका टाक्याबरोबर एक हिवाळा मागे, गच्चीवरचं ऊन मागे, सुईत ओवलेला दोरा मागे. अशाच गेलो तर शेवटी माई उठून बसतील आणि म्हणतील, काय गं, माझं काम मोडलंत?

मधेच म्हातारी म्हणाली, "बई, असो टाको अब कोई नी लगावे." सून नाक पुसत म्हणाली, "मुझे सिखाने वाली थीं." वहिनीने आपली कात्री सरकवून सुनेपुढे ठेवली. सुनेची बोथट होती.

दुपार कलता कलता कापड सुटलं. महेश्वरी, कच्च्या आंब्याच्या रंगाची, नऊ वार पूर्ण. खिडकीशी धरून झटकली तर सगळीकडे सुईची भोकं, आणि प्रत्येक भोकातून ऊन आलं. वहिनीच्या तोंडावर, पदरावर, भिंतीवर, उजेडाचे तांदूळ पसरले. आबा दारातून म्हणाले, "ही... ही तिने लग्नानंतर पहिल्या संक्रांतीला..." आणि काठी टेकत परत गेले.

निजलेल्या बाईला काष्टा नेसवणं सोपं नाही. भाचीने खांदे धरले, वहिनीने कंबर उचलली आणि मी निऱ्या घातल्या. कापड दुधावरच्या सायीसारखं झालं होतं, जोर दिला असता तर फाटलं असतं. मग न्हाऊन झालेले केस विंचरले. मुळांशी पांढरे, पुढे मीच लावलेलं काळं. मला झोप येत होती. मी जांभई दिली आणि वहिनीने पाहिलं. तिला वाटलं मी रडते आहे. वाटू दिलं.

शेवटी मेण लावलं आणि मळवट भरला, सबंध कपाळभर. वहिनी माझ्या शेजारी गुडघे टेकून बघत होती. एवढं लालभडक कपाळ आणि खाली एवढं शांत तोंड. ती एकदम म्हणाली, "वन्सं, माई नवरी दिसते आहे." मी "हो" म्हटलं, आणि तिची वेणी घालायला तिला पाठमोरी बसवली. ती बसली. साखरपुड्यानंतर प्रथमच मी तिच्या अंगाला हात लावला होता.

लग्न पुढच्या मोसमात गेलं. मला वाटलं, आता मिटलं. मी माझी सगळी पेटी नवीन केली, प्रत्येक ब्रश, प्रत्येक डबी. धारला कार्यालयात पोचले तर नवरीच्या खोलीत इंदूरची पार्लरवाली मांडामांड करून बसलेली.

"हे काय?" मी वहिनीला बाहेर काढून विचारलं.

"तुम्ही साडी म्हणालात. साडी नेसवा ना." ती शांतपणे म्हणाली. "तोंडाचं आणि कुंकवाचं तुम्ही काही बोलला नव्हतात. कुंकू मी लावणार आहे."

आयुष्यभर मी भंगारवाले, घरमालक, बाजारातले घाऊक व्यापारी ह्यांच्याशी बोलले. एक वाक्य कमी बोलून कोणी मला असं पकडलं नव्हतं. राग तर आलाच, पण खरं सांगायचं तर वहिनीबद्दल पहिल्यांदाच मला जरा आदर वाटला.

मी साडी नेसवली. अशी नेसवली की इंदूरवालीने मोबाईलवर फोटो काढले आणि मी तिला काढू दिले. मग ती तोंड रंगवत बसली आणि मी दाराशी जाऊन उभी राहिले. माझी ही भाची, जिची मी इतकी वर्षं वाट पाहिली, ती आरशापुढे डोळे मिटून बसली होती आणि दुसरीचा हात तिच्या गालावरून फिरत होता. बाहेर सनई वाजत होती, तिचा आवाज कुठूनतरी पाण्याखालून यावा तसा.

पार्लरवालीचं झालं. वहिनी करंडा घेऊन आली. बोट कुंकवात बुडवलं आणि लेकीच्या कपाळापर्यंत नेलं. तिथे थांबली.

मी दारातून तिची पाठ बघत होते. हात हवेतच होता. भाचीचे डोळे मिटलेले, तोंड शांत, अंगावर नऊवारी, काष्टा. वहिनीला काय दिसत होतं ते मला कळलं, कारण ते मीच तिला दाखवलं होतं. बोटावरचं कुंकू तिच्याच साडीवर सांडलं.

बाहेरून भावाने हाक मारली, "अगं, मुलीला आणा, गुरुजी खोळंबले आहेत."

"आई?" भाची डोळे न उघडता म्हणाली.

"हो, हो," वहिनी म्हणाली. हात तिथेच.

करंडा माझ्यापासून दोन पावलांवर होता. मी पुढे होऊन कुंकू लावलं असतं, तर त्या क्षणी मला अडवायची ताकद तिच्यात नव्हती. मी पुढे झालेही. पण करंडा घेतला नाही. वहिनीचं मनगट धरलं. घामाने थंड झालं होतं. मी ते माझ्या मुठीत ऊन होईपर्यंत धरलं, तिचं बोट पुन्हा कुंकवात बुडवलं आणि हळूच वर नेलं. मधोमध. गोल. जिवंत कपाळावर कुंकू लगेच बसतं, मेण लागत नाही.

वहिनी खाली बसली आणि हसत रडत म्हणाली, "लावलं एकदाचं मी."

"तुम्ही लावलंत?" मी म्हटलं.

"मग कोणी?"

"हात वर कोणी नेला?"

"बोट माझंच होतं, वन्सं."

"बोट तर नुसतं लोंबत होतं!"

"आत्या, आई, गुरुजी ओरडताहेत," भाची म्हणाली आणि उठली.

हा वाद अजून मिटलेला नाही. वहिनी सगळ्या गणगोतात सांगते की कुंकू तिने लावलं. मी सांगते मी. साखरपुड्याच्या त्या ताटाबद्दल तिने अजून एक अक्षर काढलेलं नाही आणि ते मी सोडणार नाही. पण परवा ती देवासला आली, पार्लरच्या खुर्चीत न विचारता बसली आणि म्हणाली, केसांचं बघा काहीतरी. गिरणी चालू होती. थरथरत्या आरशात आम्ही दोघी पुन्हा त्याच विषयावर आलो, आवाज चढले, खालून पिठवाल्याने वर बघितलं. शेवटी मी भाचीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"सांग," मी म्हटलं, "तुला कुंकू कोणी लावलं?"

पलीकडून ती म्हणाली, "मला काय माहीत? माझे डोळे मिटलेले होते."